मागखात्यातली बोली

टकळीचा आवाज गेला, हे चष्मेवालीला आधी खरंच वाटेना. जिच्या तोंडाला नवरा कुलूप घालू शकला नाही, मुकादम घालू शकला नाही, दात काढताना डॉक्टरसुद्धा घालू शकला नाही, तिचा आवाज जाईल कुठे? पण सांगायला आली होती ती टकळीची सख्खी मुलगी. आत ये म्हटलं तरी ती येत नव्हती. दारातच उभी राहून तिनं हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी केली होती.

"घशात गाठ होती, मावशी," ती म्हणाली. "ती काढताना स्वरयंत्रच काढावं लागलं. आईला तेव्हा गुंगीत ठेवलेलं, सही मी केली. आता गळ्याला नळी आहे. जीव वाचला, पण फार दिवसांची खात्री डॉक्टर देत नाहीत."

चष्मेवालीनं चष्मा नाकावर वर सरकवला. टकळीशी तिचा अबोला होता, आणि तोही साधासुधा नाही. रस्त्यात समोरून येताना दिसली, तर कुठल्याही दुकानाच्या काचेकडे वळून आतल्या बादल्या न्याहाळत उभं राहायचं, इतका पक्का.

"ती दिवसभर ओठ हलवते, हातवारे करते, मला काही म्हणजे काही कळत नाही," मुलगी सांगत होती. "पाटी दिली, तर 'पाणी' आणि 'उशी' एवढंच लिहिते, लिहायची सवयच नाही तिला. काल तिनं पाटीवर एक चष्मा काढला. मला वाटलं, नंबर तपासायचा असेल. तसं विचारलं, तर पाटीच भिरकावून दिली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, चष्मा म्हणजे तुम्ही." तिनं रुमालाला आणखी एक पीळ दिला. "मी सही केली म्हणून ती माझ्यावर चिडलीय, मावशी. मला माफ न करताच जाईल ती. निदान शिव्या देत असेल तर त्या तरी मला कळू देत."

चष्मेवालीनं मागं वळून पाहिलं. सूनबाईनं तिच्या चपला दाराशी आणून ठेवल्या होत्या आणि आता ती स्वतःच्या पायात घालत होती.

"मी येते सोबत, आई," ती म्हणाली. "जिना चढताना तुम्हाला धाप लागते."

आता इथं थोडं मागं जायला हवं, कारण या दोघींचं बोलणं तुमच्याआमच्या बोलण्यासारखं नव्हतं.

दोघी कापड गिरणीत होत्या, मागखात्यात. एका छपराखाली रांगेनं माग चालू असले की तिथं आपला खोकलासुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. ओरडण्यात अर्थ नसतो, ओरडणारा फक्त घसा बसवून घेतो. म्हणून तिथल्या बायांनी आपली एक बोली करून घेतली होती. आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे करून हलवायचे, शब्द तोंडातल्या तोंडात न चघळता पुढे आणून ठेवायचा, आणि ओठ अपुरे पडतील तिथं हात आणि भुवया लावायच्या. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम. मनगटावर टिचकी मारली की भोंगा व्हायची वेळ. प्रत्येकीच्या नावाची खूण ठरलेली. चोचीसारखी बोटं उघडमीट केली की टकळी, हे वेगळं सांगायला नकोच. आणि डोळ्यापुढं अंगठा नि बोटाचा गोल धरला की चष्मेवाली. खात्यात चष्मा लावणारी ती पहिलीच.

ती नवीन लागली त्याच दिवशी तिच्या मागावर ताण्याचे उभे धागे तुटले. तिला काही उमगेना. माग धडधडतोय, कापडात भोक पडत चाललंय, आणि ही दोन्ही हात तोंडावर ठेवून रडतेय. तेवढ्यात समोरच्या मागावरच्या एका उंच बाईनं तिच्याकडं पाहून ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आवाज शून्य. तरी चष्मेवालीला तो स्वच्छ कळला. "आधी माग थांबव. मग रड."

तिनं माग थांबवला. मग रडायचं राहूनच गेलं, कारण ती उंच बाई तिच्या रडण्याची अशी काही नक्कल करत होती की हिला हसू फुटलं. मैत्री सुरू झाली ती अशी.

पुढं किती वर्षं गेली त्यात. संसाराचा सगळा पाढा दोघींनी मागांच्या दोन बाजूंना उभं राहून वाचला. दिवस गेल्याचं चष्मेवालीनं नवऱ्याच्या आधी टकळीला सांगितलं. टकळीचा नवरा गेला तेव्हा कामावर परतल्यावर ती जे रडली, ते धडधडणाऱ्या मागांच्या मध्ये, आणि तिच्या रडण्यातला शब्द न् शब्द फक्त हिनं वाचला. गंमत अशी, की भोंगा झाला आणि दोघी फाटकाबाहेर आल्या की मात्र अवघडायच्या. शांत रस्त्यावर त्यांना एकमेकींचा आवाजच परका वाटायचा. म्हणून घरी आल्या तरी त्या बिनआवाजीच बोलत. चष्मेवालीचा नवरा त्यांना बघून वैतागायचा. म्हणायचा, तुम्ही भांडताय की गाताय, तेवढं तरी सांगा.

मात्र टकळीनं एक नियम पाळला होता. आपल्या मुलीसमोर ही बोली वापरायची नाही. मुलगी शिकेल, आवाजाच्या जगात राहील, तिला मागखात्याची सवय नको. घरी ती मुलीशी खणखणीत आवाजात बोले, आणि आता तोच नियम तिच्यावर उलटला होता.

तर अबोला. चष्मेवालीच्या मुलाचं लग्न झालं, आणि नव्या सुनेला बघायला तिनं खात्यातल्या बायांना चहाला बोलावलं. खोलीत गर्दी, हसणंखिदळणं. टकळी एका कोपऱ्यात, दुसरी एक विणकरीण दुसऱ्या कोपऱ्यात. टकळीनं सवयीनं ओठ हलवले. बाकी कुणालाही असं बोलायचं असतं, तर तो जवळ जाऊन कानात कुजबुजला असता. ही पडली मागखात्यातली. आवाज नाही काढला म्हणजे गुपित राहिलं, असं तिला वाटलं. खोलीत अर्ध्या बाया तीच बोली जाणणाऱ्या आहेत आणि चहाचा ट्रे घेऊन घरधनीण नेमकी समोरच्या दारात उभी आहे, हे ती विसरली.

"पोरगी गोड आहे," टकळी म्हणाली होती. "पण ही तिला सुखानं नांदू द्यायची नाही."

चष्मेवालीनं चहा सगळ्यांना दिला. टकळीलाही दिला. कप हातात देताना तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि टकळीला सगळं कळलं. त्यानंतर मागांच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या दोघी एकमेकींच्या डोक्यावरून बघत राहिल्या. मागखात्यात अबोला धरणं फार सोपं असतं. नुसती मान खाली घालायची.

पुढं वय झालं, दोघी घरी बसल्या. मान मात्र खालीच राहिली.

टकळीच्या खोलीत औषधांचा वास होता. खिडकीशी खाट, खाटेवर उशांना टेकून टकळी, गळ्याभोवती पांढरी पट्टी आणि पट्टीतून डोकावणारी नळी. ती निम्मी राहिली होती. चष्मेवाली दारातच थबकली. वाटेत तिनं चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आता आठवेना. टकळीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ओठ हलवले.

चष्मेवालीला हसू आलं. आवरता आवरेना.

"काय म्हणाली?" मुलीनं घाईनं विचारलं.

"म्हणाली, बरं झालं आलीस."

टकळीनं खाटेच्या लोखंडी कडेवर फाडकन हात आपटला. तिचा आवाज गेला होता, कान शाबूत होते.

"बरं बाई," चष्मेवाली म्हणाली. "म्हणाली, किती जाड झालीस."

सूनबाई तोंडावर हात धरून खिडकीकडं वळली. टकळीनं समाधानानं मान हलवली आणि मग जो बांध फुटला तो फुटलाच. इतक्या दिवसांचं तुंबलेलं बोलणं. चष्मेवाली खाटेच्या कडेला बसली आणि तिचं बोलणं मोठ्यानं सांगू लागली. सुरुवातीला ती "आई म्हणतेय, आई म्हणतेय" असं लावत होती. पण टकळीचा वेग असा की तेवढीही सवड मिळेना, तेव्हा ते गळून पडलं आणि नुसतं "मी" उरलं.

"तू जेवत नाहीस. गालफडं बघ. ती नर्स चांगली आहे, पण उशी फार उंच लावते. जावयाशी भांडलीस ना? मला सगळं ऐकू येतं, स्वयंपाकघरात जाऊन फोनवर बोललीस तरी ऐकू येतं. त्याचं बरोबर आहे, तू जरा झोप काढ." मुलगी हसत होती, रडत होती, आणि सारखी चष्मेवालीच्या तोंडाकडं बघत होती.

"माझ्याकडं नको बघूस, पोरी," चष्मेवाली म्हणाली. "बोलतेय ती. तिच्याकडं बघ."

मुलीनं आईकडं पाहिलं. टकळी क्षणभर थांबली. मग तिचे ओठ अगदी सावकाश हलले, पहिल्या दिवशी मागापलीकडून हलले होते तसेच, एकेक शब्द सुटा.

"राग आला तो पाटीचा," चष्मेवालीच्या तोंडून ते बाहेर आलं. "तुझा नाही. सही केलीस ते बरंच केलंस. मला विचारलं असतं तरी मी कर म्हणाले असते. एवढी वर्षं बडबडून झाली होती माझी. आवाज देऊन तुझ्यासोबतचे हे दिवस मिळाले. मी तुला तेच सांगतेय रोज सकाळी, तू चहा घेऊन येतेस तेव्हा. रोज."

मुलीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. चष्मेवालीचा स्वतःचा आवाज शेवटच्या शब्दाला चिरकला होता. ती उठायला लागली, तोच टकळीनं तिचा हात पकडून पुन्हा खाली बसवलं आणि तिच्याकडं बघत बोलू लागली. चष्मेवाली गप्प झाली. टकळीनं डोळे वटारले.

"सांग," ती बिनआवाजी म्हणाली. "मोठ्यानं सांग. तेव्हा तुझ्या पाठीमागं बोलले, आता चारचौघांत होऊ दे."

काय करणार? दुसऱ्याचं बोलणं सांगायला बसलेलं माणूस आपल्याला गैरसोयीचं तेवढं गिळू शकत नाही, निदान ऐकणारीचे कान शाबूत असताना तर नाहीच. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि खाली बघत सांगितलं.

"मी हिच्या घरी बसून, हिच्या कपातून चहा पीत, हिच्याबद्दल वाईट बोलले. म्हटलं, ही सुनेला सुखानं नांदू द्यायची नाही. खोटं बोलले म्हणून माफी मागत नाहीये. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. हिची जीभ तिखट, मला ठाऊक आहे. पण ते हिला सांगायला हवं होतं. हिच्यासमोर, हिला. मैत्रीण मी हिची होते, त्या कोपऱ्यातल्या बाईची नाही. चुकले ते तिथं."

सूनबाई खिडकीशी उभी होती, तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. चष्मेवालीचे कान तापले. मग तिनं मान वर केली आणि ती टकळीशी बोलली, मागखात्यातल्या बोलीत, आवाज न काढता. ते बाकीच्यांसाठी नव्हतंच.

"तू बोललीस ते माझ्या जिवाला लागलं," ती म्हणाली. "म्हटलं, हिला खोटी पाडून दाखवीन. भाजीत मीठ जास्त पडलं, की तोंड उघडायच्या आधी तू दिसायचीस. पोरगी उशिरा घरी आली, की तू दिसायचीस. मी गप्प बसायचे. आधी तुझ्यावरच्या रागानं, मग सवयीनं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. आज तीच माझ्या चपला आणून ठेवते. हे तुझ्यामुळं झालं. तुला येऊन सांगायचं होतं गं. अबोला मीच धरलेला, मोडू कशी ते कळेना. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

टकळीनं तिच्याकडं बघितलं आणि खांदे उडवले. "मग जाड का झालीस ते कळलं," ती म्हणाली. "सून खायला घालते."

त्यानंतर चष्मेवाली रोज जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडू लागलं. तिच्यावाचून त्या घरात पान हलत नव्हतं. डॉक्टर आले तर तिला बोलवा, जावई भेटायला आला तर तिला बोलवा. टकळी बोलायची आणि घरभर चष्मेवालीचा आवाज. आयुष्यात कधी ती इतकी बोलली नव्हती. एका दुपारी मुलगी बाहेर गेलेली असताना टकळी म्हणाली, "तिला शिकव."

"काय?"

"बोली. तिला आणि मला मध्ये कुणी नको."

चष्मेवालीला झोंबलं. इतके दिवस घसा कोरडा केला, त्याचं हे फळ. ती तोंड फुगवून बसून राहिली. पण टकळीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि फुगा टिकला नाही. रात्री-पहाटे जाग आली, काही सांगावंसं वाटलं, तर जवळ असणार ती मुलगी. ही तेव्हा आपल्या घरी घोरत असणार.

मग शिकवणी सुरू झाली. चष्मेवालीनं खिडकीपाशी रेडिओ आणला आणि मोठ्यानं लावून ठेवला, इतका की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आवाज ऐकू येत असला की माणूस कानावर विसंबतं, डोळे आळशी राहतात, हे तिचं म्हणणं. मुलीला आधी खुणा दिल्या, मग छोटे शब्द, मग वाक्यं. मुलगी चुकायची, रडकुंडीला यायची. "आधी माग थांबव, मग रड," चष्मेवाली तिला म्हणायची, आणि टकळी खाटेवर बसून पोरीची हुबेहूब नक्कल करायची. सूनबाईही येता-जाता शिकली. तिला तर दोन दिवसांत टकळीचे टोमणेसुद्धा कळायला लागले.

एक दिवस चष्मेवाली नर्सशी औषधाबद्दल तावातावानं बोलत होती. टकळीनं मुलीकडं पाहून ओठ हलवले. मुलगी उठली, तिनं रेडिओ बंद केला, आईची उशी खाली सरकवली आणि हसू दाबत परत बसली.

"काय म्हणाली?" चष्मेवालीनं विचारलं. तिची पाठ होती, तिला दिसलं नव्हतं.

"काही नाही, मावशी," मुलगी म्हणाली. "आमच्यातलं आहे."

चष्मेवालीनं नर्सचं बोलणं पुढं ऐकलं, पण त्यातलं काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. जिना उतरताना तिला धाप लागली आणि थोडं रडूही आलं. दुःखाचं म्हणावं, तर तसंही नव्हतं. एवढ्या मोठ्या आयुष्यात तिनं एक गोष्ट नीट दुसऱ्याच्या हाती दिली होती. सोबत आलेल्या सूनबाईनं पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

टकळी हळूहळू बोलायची कमी झाली. ओठ थकले की नुसती बोटांची चोच उघडमीट करायची, म्हणजे मी आहे अजून. शेवटच्या संध्याकाळी चष्मेवाली निघाली, तेव्हा तिनं तीच खूण केली. चष्मेवालीनं दारातून डोळ्यापुढं गोल धरून उत्तर दिलं. बोलायचं सगळं बोलून झालेलं होतं, त्यामुळं जाताना पाय जड झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या खिडकीत केस विंचरत उभी होती. खाली हमरस्ता, बसगाड्या, ट्रक, हॉर्न, कामाला निघालेली माणसं. रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर टकळीची मुलगी उभी होती. वर यायला ती रस्ता ओलांडत नव्हती. तिचा चेहरा बघूनच चष्मेवालीला समजलं. तिनं फणी खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

मुलीनं तोंड उघडलं, पण त्या कोलाहलात आवाज पोचणार नव्हता. मग तिनं हात वर करून डोळ्यापुढं अंगठा नि बोटाचा गोल धरला. या नावानं हाक मारणारं जगात आता कुणी उरलं नाही, असं चष्मेवालीला नुकतंच वाटून गेलं होतं.

"पहाटे गेली," मुलगी आवाज न काढता म्हणाली. ओठ मोठे करून, शब्द पुढे आणून ठेवत. "त्रास नाही झाला. जायच्या आधी बोलली माझ्याशी. मला सगळं कळलं, मावशी. एकही शब्द सुटला नाही."

चष्मेवालीनं मान हलवली. मध्येच एक बस आडवी गेली. ती गेल्यावर मुलगी तिथंच होती.

"तुम्हाला निरोप दिलाय," ती म्हणाली. आणि मग तिनं भुवया अशा उडवल्या, खांदे असे झटकले, की क्षणभर रस्त्यापलीकडं उंच, तरणी टकळीच उभी राहिली. "चष्मेवालीला सांग, मी बघितलं. पोरीला सुखानं नांदू दिलंस."

चष्मेवालीच्या मागं स्वयंपाकघरात सूनबाई चहाचे कप काढत होती. दिसत काहीच नव्हतं आता, चष्म्याच्या काचा भिजल्या होत्या. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला, आणि खाली रडत उभ्या असलेल्या पोरीला रस्त्यावरून, गाड्यांवरून, माणसांवरून, सावकाश सांगितलं.

"वर ये. चहा टाकलाय. मग दोघी मिळून रडू."

मुलीनं वाचलं, मान हलवली आणि रस्ता ओलांडू लागली.